पंधरा सेंटिमीटरची शीर

मित्रहो, 1981 साली जपानच्या दक्षिणेला, क्यूशू बेटावरच्या कागोशिमा प्रांतात, हिशिकारी नावाच्या भागात एक बोअर मारला गेला. यंत्रानं वर काढलेल्या दगडी कांडीत गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, एक पांढरट पट्टी होती. जाडी 15 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. प्रयोगशाळेतून आकडा आला तो टनाला 290 ग्रॅम सोनं आणि 167 ग्रॅम चांदी असा. सराफाच्या भाषेत सांगायचं तर टनभर दगडात जवळजवळ 25 तोळे सोनं. जगातल्या कितीतरी खाणी टनाला तीन ते पाच ग्रॅमवर चालतात, अर्धा तोळाही नाही! तेव्हा त्या कांडीकडे बघणाऱ्या माणसांची छाती किती धडधडली असेल, याचा विचार मी आजही करतो.

पण बोअर नेमका तिथंच का मारला? ते समजायचं तर आधी शीर, म्हणजे खडकातल्या भेगेत साठलेली खनिजांची पट्टी, कशी भरते ते बघावं लागेल.

सोनं पाण्यात विरघळत नाही असं आपण धरून चालतो. साध्या पाण्यात नाहीच विरघळत. पण ज्वालामुखीच्या खाली, दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात गंधकाचा वायू मुरलेला असतो. ते गंधक सोन्याचा हात धरतं आणि त्याला वर घेऊन येतं. इतकं तापलेलं पाणी उकळत कसं नाही? वरच्या पाण्याचा दाब त्याला उकळू देत नाही, कुकरमध्ये होतं तसंच. दोनशे अंशांच्या पाण्याला धरून ठेवायला वर दीडशे-पावणेदोनशे मीटर पाण्याचा भार लागतो. खडकातल्या भेगेतून चढत चढत पाणी त्यापेक्षा वर आलं की ते एकदम उकळतं. वाफेबरोबर गंधकाचा वायू निघून जातो, सोन्याचा धरलेला हात सुटतो आणि सोनं तिथंच भेगेच्या भिंतीला बसतं. मग क्वार्ट्झची गार बसते, अॅड्युलेरिया नावाचं फेल्डस्पार गटातलं खनिज बसतं. भेग मिटते, भूकंपानं पुन्हा फाटते, पुन्हा उकळी फुटते. एकावर एक पापुद्रे चढत जातात. हिशिकारीची शीर कापून बघितली तर हे पापुद्रे कांद्याच्या पाकळ्यांसारखे मोजता येतात.

त्यांच्यामध्ये काळ्या रेघा असतात. जपानी खाणकामगार त्यांना ‘गिन्गुरो’ म्हणतात. गिन म्हणजे चांदी, कुरो म्हणजे काळं. आपल्या देवघरातली चांदीची निरांजनं काळी पडतात ती गंधकामुळं. शिरेतही चांदी गंधकाशी आणि त्याच्याच जातकुळीच्या सेलेनियमशी जोडली जाऊन काळी झालेली असते, आणि सोनंही बरंचसं याच रेघांमध्ये असतं. तेही शुद्ध नव्हे. सोन्या-चांदीचा निसर्गानंच केलेला तो मिश्रधातू असतो, इलेक्ट्रम, आणि रंगानं फिकट. दागिन्याच्या पिवळ्या झळाळीची अपेक्षा ठेवून कुणी हा दगड हातात घेतला तर तो खाली ठेवून पुढं जाईल.

हे घडलेलंही आहे. अमेरिकेत नेवाडामध्ये 1859 साली सोनं धुणारी माणसं एका निळसर काळ्या चिखलाला वैतागली होती. तो सोन्याच्या कणांना चिकटायचा, म्हणून ती तो उपसून फेकून देत. शेवटी कुणीतरी तो तपासायला पाठवला आणि ती चांदी निघाली. कॉमस्टॉकची प्रचंड शीर अशी उजेडात आली.

हिशिकारीच्या परिसरात सोन्याची एक जुनी छोटी खाण होती, त्यामुळं जागा अगदीच अनोळखी नव्हती. पण मोठी शीर जमिनीखाली झाकलेली होती. सत्तरच्या दशकात जपानच्या सरकारी खनिज संस्थेनं तिथं सर्वेक्षण केलं आणि त्यात दोन गोष्टी शोधल्या. गरम पाण्यानं खडक कुजला की त्याची चिकणमाती होते, आणि ओल्या चिकणमातीतून वीज सहज वाहते. असा विजेला वाट देणारा पट्टा हवाई मोजणीत दिसला. दुसरी गोष्ट गुरुत्वाकर्षणाची. तिथं वर ज्वालामुखीचा अँडेसाइट खडक आहे आणि खाली क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले जुने, जड गाळाचे खडक. जिथं गुरुत्वाकर्षण किंचित जास्त भरलं, तिथं तो जुना खडक उशी ठेवल्यासारखा वर उचललेला होता. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले आणि जिथं खुणा जुळल्या तिथं बोअर घेतला.

या साऱ्या मोजणीत सोन्याचा एक कणही कुणाला दिसलेला नव्हता, हे कृपा करून लक्षात घ्या. दिसत होता तो फक्त पाण्याचा जुना रस्ता. मला या शोधाबद्दल जो आदर आहे तो यासाठी.

पुढं सुमितोमो मेटल मायनिंग कंपनीनं आणखी बोअर घेतले आणि साठा सुमारे 120 टन सोन्याचा धरला. 1985 साली बोगदा शिरेपर्यंत पोचला. आजवर इथून अडीचशे टनांच्या वर सोनं निघालं आहे. जपानच्याच सादो बेटावरची प्रसिद्ध खाण जवळजवळ चार शतकं चालली आणि तिच्यातून 78 टन निघालं, त्याच्या तिपटीहून हे जास्त आहे. या शिरांचं वय जेमतेम दहा लाख वर्षांच्या आसपास. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आहे, त्यापुढं हे तान्हं बाळच.

कोकणातल्या श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न आला असेल: आमच्याकडेही उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे आहेत, वज्रेश्वरी आहे, राजापूर आहे, उन्हवरे आहे, मग आमच्याकडं सोनं का नाही? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या झऱ्यांखाली जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. हिशिकारीजवळ किरिशिमाचे ज्वालामुखी अजून धुमसतात. आपल्या कातळाच्या पोकळ्यांमध्येही पाण्यानं गारगोट्या आणि अकीक वाढवले, फार सुंदर वाढवले. पण ते पाणी बरंच थंड होतं आणि त्यानं सोनं वाहून आणलेलं नव्हतं.

हिशिकारीत पाणी अजून आहे. बोगदे खणायला घेतले तेव्हा 65 अंशांचं पाणी लागलं आणि ते उपसल्याशिवाय माणसाला आत उभंही राहता येईना. आजही ते सतत उपसावं लागतं. त्यातलं काही नळानं शेजारच्या युनोओ गावाकडं जातं, आणि तिथल्या स्नानगृहांमध्ये लोक त्या पाण्यात बसून दिवसभराचा शीण घालवतात.