पेस्ट्री खात मेझाँ-लाफितपर्यंत

[दृश्य: पहाटेचं पॅरिस. अर्धी वर गेलेली शटर्स, धुतलेला रस्ता, धावणाऱ्या बुटांचा आवाज.]

पॅरिसमध्ये सकाळी लवकर धावायला बाहेर पडलं की पहिल्यांदा नाकात शिरतो तो लोण्याचा वास. कचऱ्याच्या गाड्या फिरत असतात, कॅफेवाले खुर्च्या मांडत असतात, आणि कुठल्याशा भट्टीतून भाजलेल्या लोण्याचा घमघमाट थेट फुटपाथवर येतो. धावणाऱ्याची पावलं तिथे मंदावतात. बहुतेक जण मन घट्ट करून पुढे जातात. आज आपण थांबणार आहोत, आणि तेही ठरवून.

बेत असा: शहराच्या मध्यातून निघायचं, वाटेतल्या पातिसरींमध्ये, म्हणजे पेस्ट्रीच्या दुकानांत, घास-दोन घास चाखायचे आणि शेवटी वायव्येला मेझाँ-लाफित गावापर्यंत धावत जायचं. एकूण अंतर २० किलोमीटरच्या आसपास. वेगाचा प्रश्न नाही, घड्याळ घरी ठेवलं तरी चालेल. खरा प्रश्न आहे क्रमाचा. काय आधी खायचं आणि काय नंतर, यावर नकाशाचं आणि पोटाचं अजिबात जमत नाही.

[दृश्य: रू मोंतोर्गेय हा रस्ता. काचेमागे मांडलेली पेस्ट्री.]

भांडण पहिल्याच दुकानात सुरू होतं. ५१, रू मोंतोर्गेय. स्टोरेर. पॅरिसमधली सर्वांत जुनी पातिसरी, स्थापना १७३०. निकोला स्टोरेर हा पोलंडचा गादी गमावलेला राजा स्तानिस्लास याच्याकडचा आचारी. या राजाची मुलगी मारी हिचं लग्न १७२५ मध्ये फ्रान्सच्या पंधराव्या लुईशी झालं, आणि नवरीबरोबर पाठराखीण जावी तसा स्टोरेर तिच्यासोबत व्हर्सायला आला. पाच वर्षांनी त्याने राजवाडा सोडून शहरात दुकान थाटलं. या दुकानाची खासियत म्हणजे बाबा नावाचा रमचा केक.

जरा जवळून पाहू. यीस्टने फुगवलेलं पीठ भाजून चांगलं कोरडं करतात आणि मग पाकात मुरवतात. चमच्याने दाबलं की पाक वर येतो, चमचा उचलला की परत आत जातो. वर रम. ती पुन्हा आगीवर चढत नाही, त्यामुळे तिच्यातला अल्कोहोल जसाच्या तसा राहतो. चव अप्रतिम, पण धावण्याचा पहिला किलोमीटरही झालेला नसताना हे पोटात टाकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. बरं, बांधून न्यावं, तर पाक गळणार. सर्वांत जुन्या दुकानापासून सुरुवात करावी असं नकाशा सांगतो. पोट म्हणतं, नुसतं पाहा आणि पुढे चला. आपण पोटाचं ऐकू. बाबासाठी संध्याकाळी, आंघोळ करून, चालत यावं.

[दृश्य: रू रिशल्यू. आता इथे ते दुकान नाही. कॅमेरा दाराच्या नंबरावर.]

इथून किलोमीटरभराच्या आत रू रिशल्यू. १८३० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या ९२ नंबरच्या घरात आउगुस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उघडली. त्याच्याकडचा चंद्रकोरीच्या आकाराचा किप्फेल हा पाव पॅरिसकरांना एवढा आवडला की बाकीच्या बेकऱ्यांनी त्याची नक्कल सुरू केली. क्रोसाँची वंशावळ इथे पोहोचते. पदर सुटणारं आजचं रूप पुढे फ्रेंच बेकऱ्यांनी घडवलं. तुर्कांनी १६८३ मध्ये व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हा क्रोसाँ जन्मला, ही गोष्ट मात्र सोडून द्या. ऐकायला छान आहे, पुरावा काही नाही. झांग पुढे व्हिएन्नाला परतला आणि १८४८ मध्ये त्याने तिथे ‘डी प्रेसे’ हे वर्तमानपत्र काढलं. माणूस एकंदर उद्योगीच.

झांगचं दुकान आता नाही, पण क्रोसाँ कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. आत शिरताना एक पथ्य: आधी ‘बोंझूर’ (नमस्कार), मग मागणी. घामाने टीशर्ट अंगाला चिकटलाय, धाप लागलीय, तरी आधी बोंझूरच. ते न म्हणता नुसतं बोट दाखवलं, तर काउंटरमागचा चेहरा थंड पडतो आणि तो पडणं रास्तच आहे.

[दृश्य: क्रोसाँचा उभा छेद, अगदी जवळून.]

हातात घेतलेला क्रोसाँ दिसतो त्याहून हलका असायला हवा. कणकेत लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायची, तिहेरी घडी घालायची. असं तीनदा केलं की लोण्याचे २७ थर होतात. या लोण्यात पाण्याचाही थोडा अंश असतो. भट्टीत त्याची वाफ होते आणि ती प्रत्येक पदर वर उचलते. कापल्यावर आत मोठमोठे पोकळ कप्पे दिसले तर समजावं, लाटताना लोणी वितळलं नव्हतं. चांगला क्रोसाँ खाताना आवाज होतो, पापुद्रे छातीवर सांडतात आणि पुढचे दोन किलोमीटर टीशर्टवर प्रवास करतात.

पण पूर्ण खायचा नाही. अर्धा. कारण सरळ आहे. स्निग्ध पदार्थ पोटातून पुढे सरकायला वेळ घेतात आणि धावताना शरीर आतड्यांकडचं रक्त पायांच्या स्नायूंकडे वळवतं. म्हणजे पचवायला कठीण माल आणि पचवणारे कामगार रजेवर. एका तासापेक्षा कमी धावायचं असेल, तर खरं म्हणजे वाटेत काहीच खाण्याची गरज नसते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची राखीव साखर, तेवढ्याला पुरून उरतं. तेव्हा हा अर्धा क्रोसाँ इंधन म्हणून आहे असं स्वतःला समजावू नये. तो जिभेसाठी आहे.

[दृश्य: ऑपेरा गार्निएची पायरी. मग रू रॉयाल.]

ऑपेराजवळ त्याच नावाचा केक हवाच, असा आग्रह टीममधल्या एकाने धरला. कॉफीच्या पाकात भिजवलेले बदामाच्या केकचे पातळ थर, बटरक्रीम, चॉकलेट गनाश, आणि वरचा भाग आरशासारखा सपाट. दालोयो या पातिसरीचं म्हणणं, हा केक १९५५ मध्ये त्यांच्याकडे जन्मला. आग्रह धरणाऱ्यालाच तो खायला दिला. कॅमेरा घेऊन सायकलवर आहे तो, धावायचं आम्हाला आहे.

रू रॉयालवर १८६२ पासूनचं लादुरे. इथला मॅकरॉन मात्र धावणाऱ्याच्या कामाचा. बदामाची पूड, अंड्याचा पांढरा भाग आणि साखर यांच्या दोन चकत्या, मध्ये थोडं सारण. दोन घासांत संपतो, बोटं चिकट होत नाहीत. जवळच रू सँ-ओनोरे. याच रस्त्यावरच्या शिबूस्त नावाच्या पेस्ट्रीवाल्याच्या दुकानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सँ-ओनोरे हा केक तयार झाला. नाव रस्त्याचंही आणि बेकरांच्या संताचंही. कॅरॅमलमध्ये बुडवलेले छोटे शू, म्हणजे भाजून फुगलेले पोकळ गोळे, आणि भरपूर क्रीम. पाहून घेतला आणि पुढे निघालो.

खरी खरेदी याच भागातल्या एका साध्या बेकरीत झाली: कागदी पिशवीत डझनभर शुकेत. शुकेत म्हणजे तसेच छोटे फुगलेले गोळे, वर साखरेचे दाणे. दाणे बारीकच असतात, पण दातांखाली कडकन फुटतात. आत काहीही भरलेलं नाही, निव्वळ पोकळी. पॅरिसमध्ये पोरं शाळेतून येताना हे खातात. सजवलेल्या काचेच्या कपाटांपुढे शुकेतकडे कुणी ढुंकून पाहत नाही. धावणाऱ्याने मात्र आधी तेच पाहावं.

[दृश्य: शाँझेलिझेचा चढ. विजय कमान. पुढे ला देफाँसच्या इमारती.]

प्लास द ला काँकोर्दपासून रस्ता सरळ रेषेत जातो. आधी शाँझेलिझेचा चढ, मग कमान, मग उतार, न्युईचा पूल, ला देफाँस. पुढे उपनगरं लागतात. पर्यटकांच्या छायाचित्रांत ती येत नाहीत. गोदामं, शाळा, ट्रामचे रूळ. सेन नदी इथे एवढी वळणं घेते की मेझाँ-लाफितला पोहोचेपर्यंत ती तीनदा ओलांडावी लागते.

तास उलटून गेला, आणि आता पोटाचा हिशेब बदलतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असं सांगतात. धावणाऱ्यांच्या जेलच्या पाकिटातली साखर आणि शुकेतवरची साखर यांत स्नायू भेदभाव करत नाहीत. दर थोड्या वेळाने एक शुकेत आणि पाण्याचा घोट. पिशवी हातात चुरगळली तरी बिघडत नाही, आत क्रीम आहेच कुठे?

हिशेबाचीच गोष्ट निघाली आहे तर सांगतो. धावण्यात किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, ढोबळमानाने एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोचा माणूस २० किलोमीटर धावला की झाल्या १२०० च्या आसपास. मग कुणीतरी लगेच क्रोसाँ मोजायला लागतं: एवढे ‘कमावले’. मला हा व्यवहार पटत नाही. ज्याला न धावता क्रोसाँ खाताना अपराधी वाटतं, त्याला धावूनही वाटणारच, आकडा फक्त मोठा होतो.

[दृश्य: सेनवरचा पूल. मेझाँ-लाफित. दुकानाची पाटी.]

मेझाँ-लाफित. सतराव्या शतकातला वाडा आणि शर्यतीचे घोडे यांसाठी ओळखलं जाणारं गाव. आपण आलोय तो ल्वी द्यूराँ या पेस्ट्रीवाल्यासाठी.

पिएर जिफार या पत्रकाराने १८९१ मध्ये सायकलची एक शर्यत भरवली: पॅरिसहून अटलांटिकच्या काठावरचं ब्रेस्ट आणि परत. सुमारे १२०० किलोमीटर. जिंकणाऱ्या शार्ल तेराँला ७१ तासांहून जास्त वेळ लागला आणि तो वाटेत झोपला नाही. शर्यत इतकी जीवघेणी की पुढे ती दहा-दहा वर्षांनी होत गेली. जिफारच्या सांगण्यावरून द्यूराँने १९१० मध्ये या शर्यतीच्या नावाने सायकलच्या चाकाच्या आकाराची पेस्ट्री केली, असं सांगतात. तीच पॅरिस-ब्रेस्ट.

[दृश्य: पेस्ट्रीवर सुरी. छेद.]

वरचं कवच शू पिठाचं. यात यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही. पाणी आणि लोणी उकळून त्यात पीठ शिजवायचं, मग अंडी घालून घोटायचं. भट्टीत आतल्या पाण्याची वाफ होते आणि कडं फुगतं. शुकेतचं पीठही हेच, म्हणजे मघापासून आपण या पेस्ट्रीचा रिकामा नमुनाच खात आलो. वर बदामाचे काप. कडं आडवं कापून आत प्रालिन क्रीम: कॅरॅमलमध्ये घोळवलेले हेझलनट आणि बदाम वाटून, कस्टर्ड आणि लोण्यात फेटलेलं. पहिल्या घासाला आधी बदाम कुरकुरतो, मग कवच दबतं, आणि क्रीम जिभेवर पसरल्यावर जळक्या साखरेचा किंचित कडवटपणा मागून येतो. तो कडवटपणा नसेल तर ही पेस्ट्री नुसती गोड होऊन बसते.

ही मध्येच खाल्ली असती तर पुढचा किलोमीटर पायांनी नाकारला असता. इथे पाय थांबले आहेत, पोटाकडे रक्त परत येतंय, आणि पुढे धावायचं नाही. अख्खी खा.

परतायला आरईआर ‘ए’ ही उपनगरी रेल्वे आहे. एक खोका सोबत घेतला असेल तर तो मांडीवर आडवा धरावा, कलला की क्रीम एका बाजूला जातं. आणि ज्यांना मूळ शर्यतीचं वेड आहे त्यांच्यासाठी: पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आता हौशी सायकलपटूंची आहे, चार वर्षांनी एकदा भरते, आणि बाराशे किलोमीटरसाठी जास्तीत जास्त ९० तास देते. २०२३ ची झाली. पुढची २०२७ ला.