सावली उजळू नका! फोनच्या फोटोत मनातलं कसं उतरवायचं

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये एकच तक्रार सारखी येतेय: "संध्याकाळी गल्ली बघून मन हुरहुरतं, पण फोटोत ती नुसतीच लख्ख दिसते."

लेन्स पुसा, ग्रिड चालू करा, झूमऐवजी चार पावलं पुढे जा. झालं. आता खरी अडचण.

फोनला काळोख म्हणजे चूक वाटते. तो सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड काढतो, एचडीआरने (उजळ आणि गडद भाग एकत्र सावरणारी फोनची सोय) काळे कोपरे उजळवतो आणि तुमची हुरहुर तिथेच पुसली जाते. म्हणून स्क्रीनवर दिसणाऱ्या सावलीवर बोट ठेवू नका. जिथे ऊन पडलंय तिथे बोट ठेवा, लॉकची खूण येईपर्यंत दाबून धरा, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. आकडे दिसत असतील तर उणे १ ते उणे १.५. उणे १ म्हणजे उजेड निम्मा.

रत्नागिरीतलं जुनं कौलारू घर घ्या. छपरात एखादंच काचेचं कौल असतं. त्यातून माजघरात कवडसा पडतो, त्यात धूळ तरंगते, शेजारी रिकामी आरामखुर्ची. बोट खुर्चीवर ठेवलंत तर कवडसा पांढरा फटक होतो, धूळ गायब, उरतं फक्त फर्निचर. बोट कवडशावर ठेवा: खुर्चीची नुसती कड उरते आणि कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटतं. घाई मात्र करा. चार मीटर उंचीवरून पडलेला कवडसा दहा मिनिटांत साधारण वीतभर सरकतो.

"पण स्क्रीनवर फोटो काळाच दिसतो!" हो, कारण तुम्ही उन्हात उभे राहून बघताय. आडोशाला जा, ब्राइटनेस निम्मा करा, मग ठरवा. उन्हात बघून उजळवलेला फोटो घरी हमखास फिका निघतो.

एडिटिंगमध्येही तेच. 'शॅडोज' वर ओढलंत की अंधारातून रंगीत दाणे वर येतात, कारण तिथे सेन्सरला पुरेसा उजेड मिळालेलाच नसतो. उलट 'ब्लॅक्स' किंवा 'ब्लॅक पॉइंट' वापरून काळं थोडं गडद करा. सावलीला सावली राहू द्या, कृपा करून.

आपल्या किनाऱ्याची एक खास गोष्ट. खाऱ्या हवेचा पातळ थर लेन्सवर बसतो. समोर दिवा आला की तो थर उजेड फाकवतो आणि काळं राखाडी होतं. आधी किंचित ओलं मऊ कापड, मग कोरडं. शर्टाच्या टोकाने घासू नका, मीठ आणि वाळूचे कण ओरखडे पाडतात.

आणि वाळूचा रंग बघा! रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर, म्हणजे काळ्या वाळूच्या 'काळ्या समुद्रा'वर, वाळू फारसा उजेड परत फेकत नाही, त्यामुळे मावळतीसमोर उभं असलेलं माणूस गडद आकृती होतं. एकटेपणासाठी ती जागा उत्तम. तिथल्याच पांढऱ्या वाळूच्या 'पांढऱ्या समुद्रा'वर खालून उजेड येतो, चेहरा मऊ दिसतो. तिथे आजीचा फोटो काढा.

दिवेलागणीला प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळा-निळा कल, ५५०० केल्विनच्या आसपास पक्का करा. ऑटोवर ठेवलंत तर पडवीतल्या बल्बचा पिवळा रंग फोन बराचसा धुऊन टाकतो, आणि घरी परतल्याची ऊब त्या पिवळ्यातच असते.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फोटो दाबला जातो आणि गडद भागात पट्टे पडतात.