मैदान शहराचं, हिशेबही शहराला द्या

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी सुरू झाली की आपल्या शहरांत कार्यक्रमांची रांग लागते. गाण्याच्या मैफली, खाद्यमहोत्सव, डिसेंबरअखेरच्या जल्लोषाच्या रात्री, आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर क्रिकेट. यातल्या बऱ्याच ठिकाणी आता तिकीट लागतं. तिकीट लावण्याबद्दल माझी तक्रार नाही. कलावंताची बिदागी, मंडपवाल्याचं भाडं, प्रकाशयोजना आणि ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांची मजुरी, हे सगळं कुठून तरी यायलाच हवं. मला आज बोलायचं आहे ते तिकिटाच्या बाहेरच्या खर्चाबद्दल. महापालिकेचं मैदान, पोलिसांचा बंदोबस्त, पाणी, बंद केलेला रस्ता, माफ केलेला कर. या गोष्टी ज्यांनी तिकीट काढलं नाही, त्यांच्याही मालकीच्या आहेत. त्यांचा हिशेब कोणी द्यायचा, आणि केव्हा द्यायचा?

यासाठी मुंबईतलं एक जुनं प्रकरण आठवून पाहू. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. त्या रात्रीबद्दल अजूनही लोक भरभरून बोलतात. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. कार्यक्रमाचं उत्पन्न मराठी तरुणांना रोजगार मिळवून देण्यासाठी निघालेल्या शिव उद्योग सेनेला जाणार होतं. म्हणून हा धर्मादाय कार्यक्रम आहे असं धरून सरकारने करमणूक कर माफ केला. ही रक्कम सव्वातीन कोटींहून जास्त होती.

मुंबई ग्राहक पंचायत या माफीविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. १९७५ पासून ग्राहकांसाठी काम करणारी ही संस्था. एरवी ग्राहकाची बाजू घेणाऱ्यांनी कमी दाम, कमी कर मागावा अशी आपली अपेक्षा असते. इथे ग्राहकांची संस्थाच म्हणत होती की कर माफ करू नका. त्यांचा मुद्दा साधा होता: पाश्चात्त्य पॉप संगीताचा महागडा कार्यक्रम करमाफीच्या नियमात बसतो कसा, आणि बसत असेल तर सरकारने तो कोणत्या विचाराने बसवला? प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. २०११ साली उच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली आणि पुरेसा विचार न करता निर्णय घेतला होता, तेव्हा पुन्हा विचार करा, असं सरकारला सांगितलं. मग आणखी दहा वर्षं गेली. जानेवारी २०२१ मध्ये, महाविकास आघाडीच्या काळात, मंत्रिमंडळाने ती माफी पुन्हा मंजूर केली.

सत्तेवरचे पक्ष बदलले, आघाड्या बदलल्या, तेव्हा यात अमुक पक्षाचा दोष काढण्यात मला अर्थ वाटत नाही. मला खटकतो तो क्रम. आधी सवलत, मग कार्यक्रम, मग नागरिकांचा प्रश्न, मग कोर्ट, आणि चोवीस वर्षांनी उत्तर. सवलत देताना, म्हणजे १९९६ सालीच, दोन पानांचं कारण लिहून सरकारने ते लोकांसमोर ठेवलं असतं, तर कदाचित ते लोकांना पटलंही असतं. पटलं नसतं तर निदान कार्यक्रमाआधी वाद झाला असता.

हाच क्रम पुढेही सुटलेला नाही. क्रिकेटचे सामने घ्या. स्टेडियमबाहेर शेकडो पोलीस उभे असतात. त्या बंदोबस्ताचं शुल्क आयोजकांनी भरायचं असतं. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने हे शुल्क मोठ्या प्रमाणात कमी केलं, आणि ही कपात मागे जाऊन २०११ पासून लागू केली. मुंबईतल्या सामन्यांची १४ कोटी ८२ लाखांची थकबाकी तेव्हा शिल्लक होती. माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी याविरुद्ध जनहित याचिका केली. २०२४ मध्ये सुनावणीवेळी उच्च न्यायालयाने सरकारला जे विचारलं, त्याचा आशय असा होता: झोपडपट्टीतल्या माणसाची पाणीपट्टी तुम्ही वाढवत राहता, मग जगातल्या श्रीमंत क्रिकेट संस्थांना ही सूट कशासाठी? पुढच्या वर्षीचा दर कमी केला, तर एक वेळ समजता येतं. सामने आमच्याकडे यावेत, इतर राज्यं कमी आकारतात, असं कारण देता येतं. पण होऊन गेलेल्या सामन्यांची थकबाकी कमी करून कोणता नवा सामना शहरात येणार? तिकिटाचे पैसे प्रेक्षकांनी त्या त्या दिवशीच मोजले होते.

पाण्याची गोष्ट तर अजून ताजी वाटावी अशी आहे. एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला निघाली होती, लातूरकर हंडे घेऊन रांगेत उभे होते, आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई, पुणे, नागपूरला आयपीएलचे सामने होणार होते. खेळपट्ट्या आणि मैदानांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल असा अंदाज पुढे आला. याचिका झाली, आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, असा आदेश उच्च न्यायालयाने दिला. वानखेडेवर होणारा अंतिम सामना त्यामुळे बेंगळुरूला गेला. तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, सामने हलवून लातूरला एक घागर तरी जास्त मिळणार आहे का? प्रश्न बरोबर होता. पण सामन्यांचं वेळापत्रक ठरवताना राज्यात दुष्काळ आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पाणी कुठून आणणार, पिण्याचं की प्रक्रिया केलेलं, हे परवानगीच्या कागदावर तेव्हाच लिहून घेतलं असतं तर एवढी पाळीच आली नसती.

आता कोर्टातून बाहेर येऊ, आणि जवळच्या एखाद्या मैदानावर जाऊ. तुमच्या वस्तीतलं मैदान डोळ्यांसमोर आणा. कार्यक्रम संपल्यावर दोन दिवसांनी तिथे काय असतं? जड वाहनं आत जावीत म्हणून टाकलेला मुरूम आणि खडी तशीच. मंडपाच्या खांबांचे वीतभर रुंद खड्डे. कापलेल्या दोऱ्या, केबल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, गवतात रुतलेल्या बाटल्यांची झाकणं. सकाळी चालायला येणारी माणसं कडेकडेने जातात. मुलं खडी वेचून खेळायला जागा करतात, आणि कोणाचा तरी पाय मुरगळतो. आयोजकाने अनामत रक्कम भरलेली असते ती नेमकी याच्यासाठी. मैदान होतं तसं करून दिलं नाही, तर त्यातून पैसे कापायचे. पण मैदानाची पाहणी कोणी केली, कोणत्या तारखेला केली आणि किती कापले, हे शेजारी राहणाऱ्यांना कोणी सांगत नाही. ते विचारायला हवं.

दादरच्या शिवाजी पार्कवर नागरिक विचारत राहिले. म्हणून तिथे वर्षातले ४५ दिवसच खेळाव्यतिरिक्त कामाला मैदान देता येतं, आणि उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो परिसर शांतता क्षेत्र ठरवल्यापासून भोंग्यांवरही बंधनं आली. दिवस मोजताना मंडप बांधायचे आणि सोडायचे दिवसही मोजले पाहिजेत, हे मात्र प्रत्येक मैदानासाठी आग्रहाने सांगावं लागतं. तीन रात्रींचा कार्यक्रम मैदान दहा दिवस अडवतो.

तिकीट काढून आत गेलेल्यांचं काय? त्यांचेही हक्क आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये लिओनेल मेस्सी आला होता. हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक आले. नेते, पाहुणे, फोटो काढणारे यांचा असा गराडा पडला की गॅलरीतल्या माणसाला मेस्सी दिसलाच नाही, आणि थोड्याच वेळात तो निघूनही गेला. मग खुर्च्या फेकल्या गेल्या, मोडतोड झाली. मुख्य आयोजकाला अटक झाली, निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली गेली. मोडतोडीचं समर्थन कोणी करू नये. पण विकत घेतलेली जागा आणि मानाच्या पासांवर आलेली गर्दी यांच्यात तिकीटवाला हरतो, हे आपल्या शहरांतही घडतं. कोणत्या खात्याला, कोणत्या लोकप्रतिनिधीला किती सन्मानिका दिल्या, याची यादी म्हणूनच जाहीर व्हायला हवी. परवानगी देणाऱ्यानेच फुकट पास घेतले असतील, तर तपासणी तो कशी करणार?

तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं: पैसे परत मिळणार नाहीत, कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार आयोजकाकडे राखीव, इजा झाल्यास आयोजक जबाबदार नाही. हे वाचून बहुतेक जण गप्प बसतात. गप्प बसायचं कारण नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सेवेत त्रुटी असूनही ठरल्या मुदतीत पैसे परत न करणं ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. तक्रार आता स्वतःच्या गावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. कार्यक्रम मुंबईत झाला आणि तुम्ही सांगलीत राहत असाल, तर सांगलीत करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. तिकीट, पैसे भरल्याचा मेसेज आणि जागेवर काढलेले फोटो एवढं जपून ठेवा.

आणि इजेची जबाबदारी? इथे मला मेरठचं प्रकरण सांगितलंच पाहिजे. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. कापडाने झाकलेले मोठे वातानुकूलित मंडप. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासांत आग लागली आणि ६५ माणसं गेली. आयोजकांचं म्हणणं असं, की मंडप ठेकेदाराने उभारले, तेव्हा जबाबदारी त्याची. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. लोकांना बोलावलं तुम्ही, तेव्हा त्यांच्या जिवाची काळजीही तुमचीच. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. ज्या सरकारी यंत्रणेने तपासणी करायची ती केली नाही, तिचाही वाटा धरला. एप्रिल २०२२ च्या निकालात भरपाईची जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के आणि राज्य सरकारवर ४० टक्के ठेवली. ज्यांची माणसं गेली त्यांना हे ऐकायला सोळा वर्षं लागली. पण आता हा निकाल आपल्या हातात आहे. अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला जागेवर न जाता दिला, बाहेर पडायचे दरवाजे न मोजता परवानगी दिली, तर सही करणारं कार्यालयही उत्तरदायी ठरतं.

यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहावी लागत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की सवलती, परवाने, परवानग्या कोणाला दिल्या याचा तपशील प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे. कोणी अर्ज केला नाही तरी. निर्णयाने ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना कारणं सांगायची आहेत, हेही त्याच कलमात आहे. माझी मागणी एवढीच आहे, की तिकीट लावलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची परवानगी, भाडं, अनामत, बंदोबस्ताचं शुल्क, पाण्याची सोय आणि दिलेली सवलत कार्यक्रमाच्या आधी महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि मैदानाच्या फाटकावर लागावी. इमारत बांधताना फाटकावर परवानगीचा फलक लागतो. हजारो माणसं जिथे जमणार, तिथे का लागू नये?

तोवर आपण विचारत राहायचं. अर्ज साध्या कागदावर करा, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. आपल्या राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. ‘सवलत का दिली’ असं विचारलंत तर ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता असते. म्हणून कागद मागा. परवानगी पत्राची प्रत, भाडं भरल्याचं चलन, सवलतीचा ठराव आणि नस्तीतली, म्हणजे कार्यालयाच्या फाइलमधली टिपणी, मैदान परत घेतानाचा पाहणी अहवाल, अग्निशमन दाखला. माहिती आयोजकाकडे नाही, परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे मागायची. आयोजक खासगी कंपनी आहे म्हणून नकार आला तर सांगा, की मी तुमच्या कार्यालयातल्या नस्तीच्या प्रती मागतो आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नाकारलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्ज लिहिण्याइतकाही वेळ नसेल, तर दुसरा रस्ता आहे. २०१८ साली राज्य सरकारने जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांना कळवलं, की दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. तुमच्या मैदानाची नस्ती मागून घ्या, बसून वाचा. एकटं जाण्यापेक्षा सोसायटीतले दोघे-तिघे बरोबर असलेले बरे, आणि कार्यक्रमाची जाहिरात लागल्या लागल्या जा.