दुरुस्ती चालू आहे

(दृश्य: काळोखात हळूहळू उलगडत जाणारा डीएनएचा गोफ)

तुम्ही हे ऐकताय, तेवढ्यात तुमच्या पेशींमधला डीएनए कुठे ना कुठे मोडतोय. त्याला बाहेरून काही व्हावं लागत नाही. पेशीतलं पाणी आणि अंगातली ऊब पुरते. डीएनए ज्या रासायनिक घटकांनी लिहिलेला असतो, ती त्याची अक्षरं. एकेका पेशीत रोज अशी हजारो अक्षरं गोफातून गळून पडतात.

डीएनए फार टिकाऊ, असा पूर्वी समज होता. शास्त्रज्ञ टोमास लिंडाल यांनी तो किती वेगाने झिजतो हे मोजलं आणि त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: मग आपण जगतोच कसे? म्हणजे कुणीतरी सतत दुरुस्ती करत असणार. त्या शोधासाठी २०१५ साली त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संकार यांच्यासह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

(दृश्य: गोफावरून सरकणारं एन्झाइम)

ही दुरुस्ती जवळून बघा. ‘सी’ हे अक्षर बिघडलं की त्याचं युरॅसिल होतं, म्हणजे डीएनएत नको असलेलं अक्षर. एक एन्झाइम, म्हणजे पेशीतलं कामकरी प्रथिन, ते हुडकतं, गोफाबाहेर वळवून घेतं आणि छाटतं. दुसरं तिथली साखळी कापतं. तिसरं समोरची साखळी वाचून पुन्हा ‘सी’ बसवतं. शेवटचं टाका घालतं. मला तर हे कितीदा पाहिलं तरी थक्क व्हायला होतं.

पण दुरुस्तीआधीच नक्कल निघाली, तर युरॅसिलसमोर चुकीचं अक्षर बसतं. पुढच्या नकलेत दोन्ही साखळ्या एकमेकींशी जुळतात, आणि चूक ओळखायची खूणच उरत नाही. असे बदल साचत जातात. नुकसान फार झालं तर पेशी विभाजन थांबवते, आणि आजूबाजूला दाह पसरवत तशीच राहते.

वर्नर सिंड्रोम या अकाली म्हातारपण आणणाऱ्या आजारात गोफ उकलणारं एकच प्रथिन निकामी असतं. विशीत केस पिकतात, तिशीत मोतीबिंदू होतो.

(दृश्य: गवताळ रानात जिराफ, मग जमिनीखालचं बीळ)

२०२२ मध्ये १६ सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या पेशी तपासल्या गेल्या. एका पेशीच्या डीएनएत दरवर्षी साचणारे बदल उंदरात सुमारे ८००, माणसात ४७. प्राणी जितका दीर्घायुषी, तितका हा वेग कमी. त्यावरून वार्धक्याचं कारण हेच, असं ठरत नाही. पण हे दोन आकडे पाहाच. जिराफ: ९९. तळहातावर मावणारा, बिळात राहणारा नेकेड मोल रॅट: ९३. दोघांचंही आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं.