मडम आणि उकड्या तांदळाची पेज

नमस्कार मंडळी. आज मिशनऱ्यांबद्दल बोलायचंय, म्हणजे धर्माबद्दल नाही हां, ती माणसं आपल्या कोकणात राहिली कशी, खायची काय, पावसाळा कसा काढायची आणि त्यातच आजाऱ्यांची सेवा कशी करायची, त्याबद्दल.

स्कॉटलंडहून डोनाल्ड मिचेल आले 1823 मध्ये, आणि वर्षभरातच वारले. मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णैला शाळा चालवल्या. ज्यांच्या नावाचं मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट 1829 मध्ये आले ते मराठी शिकायला आधी इकडेच राहिले, मग मुंबईत मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या, आणि 1835 मध्ये त्याही गेल्या. ताप, हगवण, पटकी, कशाचा भरवसा नव्हता. कोयनेल, म्हणजे क्विनीन, होतं, पण मलेरिया डासामुळे होतो हे रोनाल्ड रॉसनी शोधलं ते 1897 मध्ये, तोवर लोक दलदलीच्या हवेलाच दोष द्यायचे.

आणि पाऊस तर तुम्हाला माहितीच आहे. पुस्तकांना बुरशी, लाकडाला वाळवी, आगबोटी बंद, म्हणजे औषधं आणि कापूस सगळं आगोटीलाच, म्हणजे पावसाच्या तोंडावरच, भरून ठेवायचं, आपण मीठ-मिरची भरतो तसं. वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल, तिथले डॉक्टर गोहीन, त्यांचा मुलगा रॉबर्ट 1919 मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा अध्यक्ष झाला, आणि 1977 मध्ये भारतात राजदूत म्हणून परत आला. आपल्या मातीत जन्मलेला माणूस, आणि आपल्या पोरांना शाळेत कोणी हे सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर, पाणी उकळून प्यायचं आणि मच्छरदाणीत झोपायचं, हे दोन नियम त्यांनी कधी मोडले नाहीत. लक्षात ठेवा, पाणी उकळून. कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती त्या पाण्याचीच आहे.

आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेली. स्वातंत्र्याच्या आधीची. आजीची नणंद पहिलटकरीण, सुईण रात्रभर बसलेली, बाळ काही येईना. शेवटी खाडीपलीकडे मिशनच्या दवाखान्यात माणूस धाडला, आणि त्या आषाढाच्या पावसात होडीतून मडम आली. डोक्यावर इरलं, चपला हातात, चिखलात पाय घोट्यापर्यंत. आली ती सुईणीला बाजूला नाही सारलं, तिलाच म्हणाली, तुम्ही इकडून धरा. पहाटे मुलगा झाला.

आता माझी पणजी कडक बाई. त्या काळात परक्या माणसाला घरात पाणी द्यायचं म्हणजे केवढी गोष्ट, पण तिने मनाचा हिय्या केला आणि स्वतःच्या हाताने तांब्या पुढे केला. आणि मडमने हात जोडले, म्हणाली, पाणी नको आजी. झालं! पणजी तांब्या घेऊन तशीच उभी. "आमच्या बावीचा पाणी हिका चलणा नाय!" पडवीत बसलेले पुरुष गप्प. सुईण गप्प.

मडमच्या ते ध्यानात आलं. तिने चुलीकडे बघितलं, वायलावर मोठ्या टोपात उकड्या तांदळाची पेज रटरटत होती. तिने तिकडे बोट केलं आणि विचारलं, मला ती द्याल का? पणजीने करटीच्या डवलीने पेज वाढली, वर भाजलेला सुका बांगडा आणि मिठाचा खडा, आणि ती बाई चुलीजवळ जमिनीवर मांडी घालून बसली आणि भुरकून प्यायली, आणि मग आणखी मागितली. उकळलेलं पाणीच ते, तिचा नियमही राहिला आणि पणजीचा मानही. त्यानंतर ती मडम वाडीत आली की आधी पणजीच्या चुलीजवळ पेज, मग पेशंट.

पुढच्या पावसात वाडीत हगवण लागली. तेव्हा ही बाई घरोघर सांगत फिरली, पेजेची निवळ काढा, चिमूटभर मीठ घाला, पोराला चमच्याने थोडी थोडी पाजत राहा, थांबू नका. थोडी थोडी, पण थांबू नका. तिचं औषध कदाचित कोणी घेतलं नसतं, पेज घेतली. पिष्टाची साखर झाली की मिठाबरोबर आतडं पाणी ओढून घेतं, हे शास्त्र 1960 च्या दशकात नीट कळलं आणि त्यावरच आपलं ओआरएस उभं आहे.

आता मधेच सांगतो, गावोगावच्या घरांत सकाळची पेज गेली आणि बिस्किट-चहा आला, हे मला अजिबात पटत नाही. आणि बाहेरून जे तरुण डॉक्टर आपल्याकडे येतात त्यांनी पहिल्या महिन्यात चार घरी पेज खावी आणि मालवणी शिकावी, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. विल्सन दांपत्यानेही आधी भाषाच शिकून घेतली ना.

तुमच्या घरात अशी मडमची, मिशनच्या दवाखान्याची आठवण सांगणारं कोणी म्हातारं माणूस असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा, गावाचं नाव, कोणाचं बाळंतपण, काय खायला दिलं, सगळं वहीत उतरवून घ्या आणि आकाशवाणीकडे पाठवा. पुढच्या वेळी त्यातल्याच गोष्टी वाचून दाखवीन. नमस्कार.