प्रेग्नन्सीत वजन किती वाढायला पाहिजे? आधी पहिलं वजन सांगा

नमस्कार ताईंनो. आखाजी झाली, लेकी माहेराहून सासरी परतल्या आणि माझ्याकडे कमेंटचा पाऊस सुरू झाला. ताई, पंधरा दिवसांत अडीच किलो वाढलं, जास्त झालं का? ताई, पाचवा लागला तरी वजन हालतच नाही, बाळ बारीक राहील का? तर आज फक्त वजनावर बोलू. बाकीचं तुम्हाला माहितीये, फोलिक ॲसिड, रक्तवाढीची गोळी चहासोबत घ्यायची नाही, कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नाही, वेगळ्या वेळेला, आणि आपल्याकडच्या या उन्हात पाणी भरपूर. झालं.

आता सगळ्यात जास्त विचारलेलं, "एकूण किती किलो वाढायला पाहिजे?" एक आकडा नाहीये हो त्याचा! तुमचं पहिलं वजन काय होतं ते कोणीच लिहीत नाही. समजा एका घरात दोन जावा आहेत, दोघींची उंची पाच फूट, एक ४२ किलोची, दुसरी ६८ किलोची, आणि दोघींना दिवस गेलेत. जगभर वापरतात तो २००९ चा तक्ता बघितला तर ४२ वालीने साडेबारा ते १८ किलो वाढायला पाहिजे आणि ६८ वालीने सात ते साडेअकरा. एकाच चुलीवरचं जेवण, पण दोघींचा हिशोब वेगळा. मधल्या वजनाच्या बायकांना साडेअकरा ते १६, आणि खूपच जास्त वजन असेल तर पाच ते नऊ. पहिल्या तीन महिन्यांत तर अर्धा ते दोन किलोच वाढतं, उलट्यांनी उलट कमी पण होतं, तेव्हा घाबरू नका, फक्त पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर लगेच दवाखाना.

म्हणून म्हणते, दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात वजन करा आणि कार्डावर लिहून घ्या.

आता काट्याचं सांगते, हे माझं स्वतःचं आहे. सातव्या महिन्यात मी यावलकडे माहेरी गेले. जळगावला माझं वजन ६१ भरलं होतं, आठवड्याने गावाकडच्या काट्यावर ५८. आईचं तोंडच उतरलं. मावशी म्हणे, "दोन जीवनी शे तू, खाई ले." मग काय, मांडे, आमरस, रसात तुपाची धार, रात्री दूध, पुन्हा डिंकाचा लाडू, आणि मी पण घाबरून खात गेले. तीन आठवड्यांनी जळगावला परत आले तर ६५! एका महिन्यात चार किलो. नंतर मी मुद्दाम तो गावचा काटा जाऊन बघितला, कोणी उभं नसतानाच त्याची सुई शून्याच्या तीन रेषा मागे होती. माझं वजन कमी झालंच नव्हतं. मी स्वतः आहारतज्ज्ञ, तरी त्या दिवशी सुईकडे बघितलं नाही, ते मला अजून लागतं. म्हणून काटा एकच ठेवा, वेळ एकच, शक्यतो सकाळी, कपडे हलके, आणि उभं राहण्याआधी सुई बघा.

आणि हे फक्त लाडवांपुरतं नाहीये ताईंनो. पाचव्या महिन्यानंतर एका आठवड्यात एकदम दीड-दोन किलो वाढलं, तोंड-हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यासमोर अंधारी येते, तर ते खाण्याचं वजन नाही, अंगात पाणी साचतंय, बीपी वाढलेलं असू शकतं. १४० / ९० किंवा वर म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असली तरी. आणि काटा दर वेळी वेगळा असेल तर ही वाढ तुम्हाला कळणार कशी, सांगा ना.

"दोन जीवांचं खा" यावर बऱ्याच सासवा माझ्यावर रागावल्यात कमेंटमध्ये. आई, तुमची माया कळते मला, खरंच. पण दुप्पट नाही लागत, चौथ्या महिन्यापासून दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक कळण्याची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि एक केळं, एवढंच. कळण्यात ज्वारीसोबत उडीद असतो, म्हणून मी ती आधी सांगते. भरीत खा, पण वरचं तेल निथळून. केळ्याने बाळाला सर्दी होत नाही, आपल्या जळगावच्या बाईने तरी केळं सोडू नये. फक्त साखर निघाली असेल तर केळं, आमरस, मांडे डॉक्टरांना विचारून, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत चुकवू नका, आधी नॉर्मल आली असली तरी.

उलटं पण सांगते, "कमी खा, बाळ लहान राहील, बाळंतपण सोपं जाईल" हे ऐकून एक ताई सातव्यात एक वेळ जेवत होती. असं करू नका गं, बाळ कमी वजनाचं जन्मलं तर त्याचा त्रास त्यालाच.

शहाद्याच्या एका ताईने लिहिलंय, पाचव्यात एक किलो कमी झालं, रडू येतंय. ताई, रडू नको. आधी बघ दोन्ही वेळी काटा एकच होता का. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी असते, आशाताईंना विचार, कार्ड घेऊन जा, काट्यावर चढताना चप्पल काढ, आणि जो आकडा येईल तो मला खाली लिही, पहिल्या वजनासकट.