शुद्ध पाण्याची राखण

नमस्कार श्रोतेहो.

पाणी साठवायचं कसं, हे सोलापूरकराला शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. चार-पाच दिवसांआड नळ येणार म्हटल्यावर प्रत्येक घरात हंडे, कळश्या, बॅरलं, जिन्याखालचा हौद हे सगळं आलंच. उजनी धरण भरून वाहिल्याची बातमी ऐकतानाही आपण आधी आपलं बॅरल भरलंय का ते बघतो. तरी आज साठवलेल्या पाण्यावर बोलायला बसलोय, कारण हे पाणी माणसांसाठी नाही, माशांसाठी आहे. आमच्या घरात यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागतं. "आम्ही नळाचं पितो आणि यांचे मासे आरोचं!" असं पाहुण्यांसमोर सांगितलं जातं.

आता माशांना आरोचं, म्हणजे शुद्धीकरणाच्या मशीनमधून क्षार काढलेलं पाणी सरसकट लागतंच असं नाही. गप्पी, मॉली यांना जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी मानवतं. गोल्डफिशही कुरकुर करत नाही. पण बोअरचं पाणी फार क्षारांचं असेल, किंवा निऑन टेट्रा, डिस्कस असले नाजूक पाहुणे पाळले असतील, तर आरोचं पाणी मिसळावं लागतं. १२० लिटरच्या टाकीतलं पाव पाणी दर आठवड्याला बदलायचं म्हटलं तरी ३० लिटर झालं. घरचं मशीन एवढं पाणी एका दमात देत नाही. मग माणूस रोज थोडं थोडं धरून बॅरलमध्ये साठवतो, आणि घोटाळा इथंच सुरू होतो.

माझाच सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. गॅलरीत ५० लिटरचं बॅरल, त्यात आठ-नऊ दिवस जमवलेलं आरोचं पाणी, वर झाकण म्हणून जुना टॉवेल. संध्याकाळी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर बुडवून पाहिला, आकडा चाळीसच्या आसपास. म्हटलं, झकास! दोन बादल्या टाकीत ओतल्या. सकाळी उठून बघतो तर चारही गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून हापहाप करतायत. दुपारपर्यंत त्यातला एक गेला. मग बॅरलमध्ये कोपरापर्यंत हात घातला. आतली भिंत बुळबुळीत, भेंडी चिरल्यावर सुरीला लागतं तशी. टॉवेलचं एक टोक पाण्यात लोंबत होतं, त्याला आंबूस वास. आणि पाणी गॅलरीतल्या उन्हानं चक्क कोमट.

मीटर खोटं बोलला नव्हता. तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. मला हे कळायला एक मासा जावा लागला.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. माशांच्या कल्ल्यांना ते जाळतं, म्हणून आपण ते काढतो. पण साठवलेल्या पाण्याची राखण तेच करत असतं. मशीनमधला कार्बन क्लोरीन शोषून घेतो, पडदा क्षार अडवतो, अतिनील दिवा जंतू मारतो. पण हा दिवा पाणी त्याच्यासमोरून जाईल तेवढ्यापुरताच. एकदा पाणी बॅरलमध्ये पडलं की ते अगदी निराधार. हवेतून, हातातून, टॉवेलमधून चार जंतू आले की त्यांना हटकणारं कुणी नाही. त्यात उन्हाळा. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७.

म्हणून माझं आता एकच म्हणणं असतं: आरोचं पाणी लागेल तेवढंच धरा आणि तीन-चार दिवसांत संपवा. बॅरल खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या प्लास्टिकचं, आरपार न दिसणारं, घट्ट झाकणाचं घ्या, आणि घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. उजेड लागला की शेवाळ आलंच. बाजारात स्वस्तात मिळणारी निळी पिंपं आधी कशाची होती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. डाईंगच्या रसायनाचं पिंप असेल तर ते कितीही घासा, माशांसाठी नको. आत हवेच्या पंपाचा, बुडबुडे सोडणारा एक दगड सोडला तर पाणी हलतं राहतं.

त्या पंपाजवळ डास पळवणारं मशीन मात्र लावू नका. त्यातलं औषध बहुतेक पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या गटातलं असतं आणि माशांना ते विषासारखं. पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो.

डासांचा विषय निघालाच आहे तर, डेंग्यूचा डास अंडी घालायला असंच स्वच्छ, साठवलेलं पाणी शोधतो. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्याची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन् महिने टिकतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायचा दिवस, पाळताना बॅरल नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. साबण अजिबात नको. दहा लिटर पाण्यात साधं, सुवासाचं नसलेलं ब्लीच दोन चहाचे चमचे, त्यानं आतून खळबळून अर्धा तास ठेवायचं, तीनदा धुवायचं आणि वास जाईपर्यंत उन्हात पालथं घालायचं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आणखी एक. नुसतं आरोचं पाणी महिनोन् महिने वापरू नका. टाकीतले उपयोगी जंतू माशांची घाण पचवताना आम्ल तयार करतात. ते झेलायला पाण्यात थोडा क्षार लागतो, नाहीतर पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, एके दिवशी धाडकन कोसळतो. समजा नळाचा टीडीएस ५०० आहे आणि आरोचा ५०, तर निम्मं-निम्मं मिसळलं की २७५च्या घरात. बहुतेक माशांना तेवढं पुष्कळ. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत ठेवा, किंवा दुकानात अँटिक्लोरीन मिळतं त्याचे थेंब टाका. ओतण्यापूर्वी एक हात टाकीत, एक बादलीत. दोन्ही सारखंच गार लागलं पाहिजे.

आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस. बॅरल सकाळीच धुऊन गच्चीवर पालथं घातलंय आणि मंडळींनी बजावलंय, आधी पिण्याचे हंडे, मग माशांचं. तेव्हा आज्ञा घेतो, नळ यायची वेळ झाली. नमस्कार.